कोणाची वीत?

"कातर ठेव खाली, बाय! माज्या आयच्या लुगड्याला कापशील तर याद राख!"

मावशी दारातूनच ओरडल्या. आवाज असा, की आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या सगळ्या बिल्डिंगींना पुरून उरलेला स्टेशनवर गेला असेल. खालचं कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं. मी कातर ठेवली. म्हणजे, सोफ्याखाली सरकवली.

मावशी खारी गावातल्या. घरं रिक्षाच्या अंतरावर, पण ओळख झाली ती मोबाइलवर, गोधडीवाल्या बायकांच्या ग्रुपमध्ये. ग्रुपने ठरवलं होतं, सगळ्यांनी मिळून एक गोधडी करायची. प्रत्येकीने घरातल्या जुन्या कापडाचा एक चौकोन शिवून पाठवायचा. आमच्या अॅडमिनबाई टेपचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांनी माप दिलं, एक वीत लांब, एक वीत रुंद, आपल्या आज्या मोजायच्या तसं. त्यावर इतके अंगठे आले की माझा फोन तापला, पापड भाजून निघाला असता. कोणाची वीत, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. मी तर जोडणीचं काम मागून घेतलेलं, माझा हॉल मोठा आहे म्हणून. मोठाच आहे. चौघी बसल्या तर पाचवीला गॅसवर बसवावं लागतं, एवढंच.

कुरिअरने चौकोन आले. ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा, चहात बुडवून खावा असा. मावशींचा, त्यावर वासरू झोपेल असा. त्यांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. त्या पंजाने कोणाला चापट बसली तर तो भाईंदरच्या खाडीपलीकडेच उठायचा. दुपारी चारला ग्रुपवर लाइव्ह होतं आणि जमिनीवर चौकोन कसेही मांडले तरी दात पडल्यासारखे दिसत होते. मी हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल अशा इतक्या फेऱ्या मारल्या की फरशी झिजली. शेवटी फोटो टाकून लिहिलं, हा मोठा जरा छाटते. पुढच्या मिनिटाला मावशी रिक्षात असाव्यात.

आता त्या खाली बसल्या, आपल्या चौकोनावर हात ठेवून. मी समजावलं, लाइव्ह आहे, माझी लाज जाईल, चार बोटं कापलं तर काय बिघडतं.

"आयचं येवढंच उरलंय," त्या हळू म्हणाल्या. "बाकीच्याचं पोतेरं झालं."

त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं होतं.

मग तो चौकोन मध्ये ठेवला, बाकीचे त्याच्याभोवती जमतील तसे आडवेतिडवे लावले. फटी राहिल्या तिथे माझा बेडरूमचा पडदा गेला. मी मशीनवर, मावशी हाताने. मशीन असं सुटलं की टेबलासकट भिंतीपर्यंत गेलं. मध्येच फोन टिंगटिंगत होता, झालं का, झालं का. शेवटचा दोरा तोडला आणि लाइव्ह सुरू झालं.

अॅडमिनबाई बघतच राहिल्या. "अहो, हे चौकोन असे लहानमोठे का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. कातर सोफ्याखाली होतीच. मापं चुकली एवढं जरी बोलले असते, तर बाई म्हणाल्या असत्या, उसवा, कापा, पुन्हा जोडा.

मी घसा खाकरला. म्हटलं, ही इथली जुनी पद्धत. मिठागराचे वाफे कुठे सारखे असतात? मधला मोठा, त्यात आधी पाणी घ्यायचं. कडेचे लहान, तिथे मीठ धरतं. खारीत सून घरात आली की सासू हीच गोधडी अंथरते. इंग्रजांच्या काळात एक साहेब म्हणे अशा गोधडीसाठी घोडा द्यायला तयार होता. बायकांनी बदाम बदाम पाठवले. डॉक्टरीणबाईंना क्लास लावायचा होता. अॅडमिनबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, हिला कोणी हात लावायचा नाही.

मग त्यांनी मावशींना विचारलं, "मावशी, तुमच्या सासूबाईंनीही अशीच अंथरली होती?"

"न्हाय," मावशी म्हणाल्या. "आमच्यात चटई हाय."