चार चौकटींतले आबा

आबा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि हॉलमध्ये लावायला बायकोने फोटो निवडला तो माझ्या मित्राने काढलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फिल्मवर फोटो काढायचा नाद त्याला मी लावला. डार्करूम माझ्या घरातली, कॅमेराही माझा. उन्हाळ्यात बिद्रीला सासुरवाडीत आम्ही दोघांनी एकाच रोलवर आबांचे फोटो काढले होते. त्याच्या फोटोत पांढऱ्या फेट्याची घडी न् घडी दिसते आणि सावळा चेहराही, सुरकुत्यांसकट. माझ्या फोटोत फेटा झकास, खाली नुसता अंधार.

त्याचं ते नशीब, हे बायकोला पटवायचं म्हणून मी चार चौकटींचा आलेख मांडला. पहिल्या चौकटीत समोरचा उजेड लेन्समधून आत किती पोचला, दुसरीत तो निगेटिव्हवर किती उतरला, तिसरीत कागदावर काय उमटलं. तिन्हीतून रेघ फिरवत नेली की चौथीत कळतं, खरा माणूस आणि छापलेला माणूस यांत किती फरक पडला. फिल्म तीच, कागद तोच, त्यामुळे दुसरी आणि तिसरी चौकट दोघांचीही सारखीच आली. फरक निघाला पहिलीत. माझ्या वेळी चेहऱ्याचा उजेड पुरेसा आत शिरलाच नव्हता.

शिरणार कसा? मी पडलो जावई. मला अंगणात खुर्ची टाकलेली. उठायला गेलो की आबा म्हणायचे, "पावणं, तुमी बसा की निवांत." मग मी खुर्चीतूनच उजेड मोजला, आणि कॅमेऱ्यातल्या मीटरने तो पांढराशुभ्र फेटाच धरला, म्हणून उजेड भरपूर समजून मी तो आत कमीच घेतला. मित्र मात्र आबांच्या मांडीला मांडी लावून बसला, कॅमेरा पार त्यांच्या गालापाशी नेऊन त्याने उजेड मोजला, आणि आबा हसत राहिले. माझ्यासमोर ते तसे कधी हसले नाहीत. फोटोपेक्षा मला ते हसणं जास्त जाळतं.

बायकोने आलेख नीट बघितला.

"ह्यात आबा कुठं हाईत?"

दुसऱ्या चौकटीत रेघ खाली सपाट पडते, म्हणजे उजेड कमी पडून फिल्मवर काहीच उतरत नाही, तिथे मी बोट ठेवलं.

"आनि त्येच्या फोटोत?"

मी बोट त्याच रेघेवरून वर चढणीवर सरकवलं.

"म्हंजे तुमी जवळ गेलाच न्हाईसा."

"मला उठू कुठं दिलं?"

"त्येला तरी कोन बस म्हनालं? जाऊन बसला."

खिळा मात्र तिने मलाच ठोकायला लावला.