शेवटच्या भागातला खुनी

"बंद कर! आदुगर बंद कर त्ये!"

मामा ओरडले आणि माझ्या हातातला रिमोट खाली पडला. मामांचा आवाज असा, की तिकडे भवानीनगरच्या कारखान्यात भोंग्याआधीच पाळी बदलावी. मी फक्त त्यांच्या लाडक्या इंग्रजी मालिकेचा शेवटचा भाग लावत होतो.

बावड्यापासून बारामतीपर्यंत इंग्लंडच्या पोलिसांना धाकात ठेवणारा माणूस एकच, आमचे मामा. जन्मभर पोलीस पाटीलकी केली. पण गावाने त्यांना एक धड खून दिला नाही. फार तर बांधावरून डोकी फुटली. ती उणीव डबिंगमुळे हिंदीत बोलणाऱ्या या गोऱ्या इन्स्पेक्टरने भरून काढली. त्याचे गुण मामा मोकळ्या मनाने सांगतात. गडी हात उगारत नाही, नुसता गप्प बसतो आणि समोरचा घडाघडा कबुली देतो. "आपल्याकडं गप बसलं तर आरोपीच इचारंल, सायेब, बरं वाटंना का?"

पण दोष! मयताच्या घरी ना भावकी, ना रडणाऱ्या बाया. चार घरांचं गाव आणि दर भागात मुडदा. "ऊस तोडाय मानूस उरंल का तितं?" आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे तिथे दहावाच होत नाही. "समद्या संशयितांना घाटावर हुबं करायचं. ज्याला बघून कावळा पिंडाला शिवंना, त्यो खुनी. धा मिंटात मालिका खलास!"

शेजारी मामी शेंगा सोलत बसायची. मान वर न करता म्हणायची, "त्यो डाक्टर. बायकूच्या डोळ्याला डोळा देत न्हाय." मामा हटकून दुसऱ्याला धरायचे. दर वेळी मामीचंच खरं निघायचं आणि मामा म्हणायचे, "तपासात कसर ऱ्हायली."

या खेपेला मामीने पाद्र्याला धरलं, मामांनी भावाला. शेवटचा भाग राहिला आणि मामी गेली.

नीरेकाठी दहाव्याला कावळा काही शिवेना. मुलीने गाय सांभाळीन असं बोलून पाहिलं, मामीच्या भावाने जमिनीचं. ऊन चढलं. मग मामा वाकले, पिंडाशी काहीतरी पुटपुटले, आणि कावळा झेपावला. काय बोलले, ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

रिमोट उचलत मी विचारलं, "मामा, खुनी कोण ते बघायचं नाही?"

"न्हाय. 'तुझ्याबिगर बघणार न्हाय' म्हणून दहाव्याला तुझ्या मामीला सांगितलंय."