खिशातली शाळा

फळा, खडू आणि छडी या तिन्ही गोष्टी जगातून एकाएकी नाहीशा झाल्या, तर ज्यांना कुणी सांगेपर्यंत पत्ता लागणार नाही असे शिक्षक मी एकच पाहिले. माझ्या शेजारच्या वर्गावरचे सर. शाळा आमची ताडकळसजवळच्या एका खेड्यात, पण सर राहायला कायमचे व्हॉट्सअॅपवर. ग्रुपवरचा अभ्यास पालक उघडत नाहीत, शेजाऱ्याचं स्टेटस मात्र कुणी सोडत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं आणि चौथीचा अख्खा अभ्यास स्टेटसवर नेला. सकाळी अपूर्णांक, दुपारी नद्या. पोरं शाळेत आणि फोन बापाच्या खिशात असल्यामुळे धडा आधी गावाला पाठ व्हायचा, मग वर्गाला. पूर्णा नदी नेमकी कुठे गोदावरीला मिळते यावरून पानटपरीवर दोघांचं बोलणं बंद झालेलं मी स्वतः पाहिलंय. पालक ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट शुभेच्छा पाठवायचे, सर त्यातल्या चुकांना लाल गोल करून परत पाठवायचे. लग्नाच्या वाढदिवशी वहिनींनी हट्टानं जोडीचा फोटो स्टेटसला टाकायला लावला, तर खाली प्रश्न होता, 'या चित्रात काटकोन किती?' वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. सरांच्या ते लक्षात आलं नाही.

त्यांच्या वर्गात मेंढपाळाची एक पोर होती, सगळ्यांत हुशार. दरवर्षी घरचे तिला गावात आत्याकडे ठेवून मेंढ्यांमागे जायचे, गेल्या साली मात्र दिवाळीनंतर बरोबर घेऊन गेले. सरांनी रोज व्हॉइस मेसेजवर तिला शिकवायला सुरुवात केली. बाप फोन खिशात वाजता ठेवून पुढं चालायचा, पोर मागून ऐकायची. तिची उत्तरं बरोबर यायची, मागून मेंढ्यांचं बें बें ऐकू यायचं. सर ती उत्तरं आम्हाला मधल्या सुट्टीत ऐकवायचे आणि आम्ही डबा खाता खाता ऐकायचो.

संक्रांत झाली तरी पोर परतेना, तेव्हा सर तिला आणायला मोटारसायकलवर निघाले. बापानं सकाळी लोकेशन पाठवलं होतं. सर पोचले तेव्हा तिथं नुसत्या लेंड्या होत्या. फोन केला तर बाप म्हणाला, "लोकेशन बरोबर हाय सर, मेंढरं चालायलीत." दिवस मावळता मावळता मानवतकडच्या एका शेतात कळप सापडला.

बापानं चहा दिला आणि हात जोडले. "सर, तुमचे लय उपकार झाले. पोरगी चालता चालता शिकायली. आता शाळंत बसवायची गरजच न्हाई. शाळा माज्या खिशात हाय, अन् मेंढरं वळायला तिचा हात बी लागायलाय."

शिकायला शाळेच्या भिंती लागत नाहीत, हे सर वर्षानुवर्षं आम्हाला सांगत आले, तेच त्यांना आता चहाबरोबर मिळालं. कप ठेवून ते परत आले.

दुसऱ्या दिवसापासून स्टेटस बंद, ग्रुप बंद, मेसेज बंद. गाव बेजार झालं. सरपंच विचारायला आले, "तब्येत बरी हाय ना सर? नद्या अर्ध्यात राहिल्या." तिकडून पोरीचा आवाज यायचा, "सर, आज धडा न्हाई का?" सर तो पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि फोन पालथा ठेवायचे. मला ते बघवत नव्हतं.

महिन्याभरानं बाप पोरीला आत्याकडे सोडून गेला. जाताना चिडून म्हणाला, "सांभाळा आता. उठता बसता शाळा शाळा करून बेजार केलं हिनं."

पोर पहिल्या बाकावर बसली. तास संपल्यावर सरांजवळ येऊन म्हणाली, "सर, तुमी फोनात लय चांगलं शिकवत होता."

हे मला सांगताना सर हसले. मग फोन खिशात ठेवून वर्गावर गेले. पुन्हा सुरू केलं तर बाप तिला घेऊन जाईल, म्हणून त्यांचं स्टेटस आजही रिकामं आहे. मी मात्र रोज एकदा उघडून बघतो.