सगळे नियम फसले, तरी उत्तर आलं

भूतखेत, चकवा यावर माझा आधीही विश्वास नव्हता, आजही नाही. हे लिहावं की नाही, तेही ठरत नव्हतं... कारण यात घाबरण्यासारखं काहीच नाही. भरदुपारी, पुसदला आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये घडलेली गोष्ट आहे.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. आकड्यांऐवजी x, y अशा अक्षरांची गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं, हा माझा प्रोजेक्ट. इंटिग्रेशन करताना ते एकेक नियम लावून बघतं. सगळे फसले की प्रश्न जसाच्या तसा परत देतं. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. नियम लागला की फसला हे स्क्रीनवर दिसावं, म्हणून मी प्रत्येक नियमात एक ओळ घातली होती.

त्या दुपारी एक इंटिग्रल, म्हणजे इंटिग्रेशनचं गणित, टाकलं. फसला, फसला, फसला... शेवटच्या नियमापर्यंत सगळे. आणि त्याखाली — उत्तर!

शेजारी बसलेला मित्र वैभव म्हणाला, “अबे, आलं नं उत्तर! मंग कायले रडून राह्यला?”

“पण आलं कुठून?”

“आता उत्तराची टीसी मांगतं का बे?”

मी मोबाईलवर फोटो काढला आणि तेच इंटिग्रल पुन्हा टाकलं. या वेळी प्रश्न जसाच्या तसा परत! तेव्हापासून रोज टाकतोय. रोज तेच.

गाईड सर म्हणाले, “आधीचं साठवलेलं असेल.” पण ते इंटिग्रल मी आधी कधी टाकलंच नव्हतं, आणि लॅबचं नेट बंद होतं. सगळा कोड पुन्हा वाचला. काही नाही! शेवटी सर वैतागले, “प्रोजेक्टमधून ते फोटोचं पान काढून टाक, मी सही करतो.”

पण प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच मी लिहिलंय — प्रत्येक उत्तर कुठल्यातरी नियमातून येतं. आता ते वाक्य कसं ठेवू? जमा करायची तारीख तोंडावर आलीये, सही अडलीये.

काल गावाहून, ढाणकीहून, आईचा फोन आला. सही अडल्याचं तिला सांगितलं होतं.

“उत्तर चुकलं का रे?”

“नाई वं माय. हातानं ताळा केला. बरोबर हाय.”

“मंग सर सही काहून नाई करत?”

चुकलं असतं तर बिघाड म्हणून केव्हाच सोडून दिलं असतं... पण ते बरोबर आहे.