वाडीची हजेरी

गंगी मुकणे फटकळ बाई. शहापूरच्या बाजारात रानभाजी घेऊन बसली की गिऱ्हाईक घासाघीस करायला दोनदा विचार करतं. "नको त जा, फुकट हात लावू नको," हे तिचं ठरलेलं. गावातले लोक म्हणतात, कातकरणीला एवढा ताठा कशाला? आणि हे लोक कोण, तर ज्यांच्या शेतातली लावणी-कापणी याच कातकरणीच्या जिवावर निघते ते.

पण एका बाबतीत गंगीनं जन्मभर तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणजे हजेरी.

सापगावच्या पुढं, गावाच्या कडेला तिची वाडी. इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत कातकऱ्यांनाही घातलं. गंगीचा आजा रोज संध्याकाळी पाटलाच्या ओसरीपुढं उभा राहून हजेरी द्यायचा. इंग्रज गेले, पाठोपाठ तो कायदाही गेला. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कुणाची बकरी गेली, कुणाचा पंप गेला, की पोलिसांची जीप आधी वाडीत. सगळेच मार खायचे आणि सगळ्यांचाच रोजगार बुडायचा. शेवटी वाडीनं एक रीत पाडली. चोरी झाली की एका घरानं एक गडी द्यायचा, पुढच्या वेळी त्याच्या शेजारच्या घरानं. या जाण्यालाही लोक हजेरीच म्हणू लागले. निघणाऱ्याला वाडीचा म्हातारा कमळू एकच गोष्ट शिकवायचा, "हो म्हण. हो म्हटलं का मारायचं थांबतात नि सांच्याला सोडतात." गडी संध्याकाळी लंगडत परत यायचा. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजारणींनी मासळीचं कालवण आणून द्यायचं. काय समजूतदार रीत! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी पुरवायचे आपणच, तेही नंबर लावून.

गंगीचा नवरा यमाजी दोनदा हजेरीला गेला. दुसऱ्या खेपेला त्याचा एक कान कायमचा गेला. गंगीनं शेजारणीचं कालवण खाल्लं आणि ती गप्प राहिली.

गेल्या साली मुंबईकरांच्या एका बंगल्यावरची पाण्याची मोटर चोरीला गेली, तेव्हा नंबर गंगीच्या घराचा होता. यमाजी तोवर वारला होता. म्हणून संजू गेला. तिचा एकुलता एक पोरगा, बारावी झालेला, वाशिंदच्या कंपनीत नुकताच लागलेला. "आये, सांच्याला येतो," म्हणाला आणि पोलिसांपुढं शिकवल्याप्रमाणे हो म्हणाला. पण संध्याकाळी तो आला नाही. बंगल्याचा मालक मोठ्या ओळखीचा, त्याला आरोपी कोर्टात उभा केलेला हवा होता. संजू कोठडीत गेला. जामिनावर सुटून आला, तर कंपनीनं सांगितलं, केसमधून निर्दोष सुटलास तर परत घेऊ. गंगीच्या घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार आला होता. तो आता कोर्टातल्या एका शब्दावर अडकला.

सरकारनं दिलेली वकीलबाई, भाग्यश्री नावाची, चांगली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं संजूला समोर बसवून सांगितलं, "पोलिसांपुढं तू हो म्हणालास, त्याला इथं किंमत नाही. मोटर तुझ्याकडं सापडलेली नाही, तुला कुणी पाहिलेलं नाही. साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? नाही म्हणायचं. बस. त्यांची केस टिकणार नाही."

"ऐकलास ना रे?" गंगी म्हणाली. "नाय म्हण. तोंड भरून नाय म्हण."

संजूनं मान डोलावली. पण कमळूही धुतलेला सदरा घालून आला होता आणि कोर्टाच्या दारात उभा होता. न्यायाधीशांनी विचारलं. संजूची नजर दाराकडे गेली. कमळूनं हळूच होकाराची मान हलवली.

"हो साहेब."

न्यायाधीशांनी सगळं पुन्हा समजावून विचारलं. पुन्हा "हो साहेब." वकीलबाईनं कपाळाला हात लावला. भोगलेली कोठडी हीच शिक्षा धरून संजूला त्याच दिवशी मोकळं केलं.

"बघ गंगे, सांच्याच्या आत घरी!" कमळू खुशीत म्हणाला. म्हातारा दुष्ट नव्हता. हो म्हणायला तो पट्ट्याखाली शिकला होता, आणि समोर पोलीस असो की न्यायाधीश, त्याला दोन्ही खुर्च्या सारख्याच दिसत होत्या. ज्यांनी त्या तशा दिसायला लावल्या त्यांना कुणी कधी विचारलं आहे का, गुन्हा कबूल आहे का म्हणून?

संध्याकाळी शेजारणी रीतीप्रमाणे कालवण घेऊन आल्या. गंगीनं टोप उचलला आणि अंगणात पालथा केला.

"माझ्या पोराला चोर केलात नि वर जेवायला घालता?"

"अगो, सुटला ना तो!"

"सुटला नाय! चिकटला!"

कुणाला काही कळलं नाही. कंपनीला मात्र लगेच कळलं. संजूला गेटवरूनच परत पाठवलं.

दिवाळीनंतर कुठल्याशा साइटवरची तांब्याची वायर गेली. जीप आली. कमळू सवयीनं पुढं झाला. "साहेब, या खेपेला भगीरथच्या घरचा गडी येल."

"ते नंबर-बिंबर राहू दे," हवालदार म्हणाला. "तुमच्यात आता रेकॉर्डवरचा आहे ना. संजू मुकणेला बोलव."

भगीरथची बायको पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. गंगीला तो ऐकू आला. आणि मागं वळून पाहते तर संजू कुणी न सांगताच पायांत चपला घालत होता. शिकला-सवरलेला, हातापायानं धड असलेला तिचा पोरगा बैलासारखा आपणहून जुवाखाली मान घालायला निघाला होता.

गंगीनं त्याला ढकलून घरात घातलं, बाहेरून कडी लावली आणि जाऊन जीपमध्ये बसली.

"ए बाई, उतर खाली. तुला कोणी बोलावलंय?"

"मी चोर हाय. आजा चोर, बाप चोर, नवरा चोर, पोरगा त कोरटानं केलेला चोर. मंग मीच कशी राहिले? लिवा माझं नाव."

"उतर म्हणतो ना!"

"हात लावून बघ."

हवालदारानं हात पुढं केला आणि मागं घेतला. बाईमाणूस; महिला पोलीस बोलवावी लागणार. शिव्या घालत तो बाजूला जाऊन फोन लावू लागला.

गंगी मात्र थांबली नाही. तिनं जीपमधूनच एकेका घराला हाक मारायला सुरुवात केली. "भगीरथ, तुझ्या बापाची नखं काढली व्हती, त्याला मी भरवलाय! कमळ्या, तुझ्या पाठीला मी हळद लावलीय! किती पोरं घालणार अजून? या बाहेर! हजेरी देयाची त समद्यांनी द्या, नाय त एकानं पण देऊ नका!"

घरांतून कुणी बाहेर आलं नाही. हवालदार फोनवर बोलत राहिला. गंगी नावं घेत राहिली, मेलेल्यांची आणि जित्यांची. वाडीतली बाकी सगळी दारं उघडी होती, आणि तिच्या देखत आपलं दार लावून घ्यायची एकाचीही छाती होत नव्हती.