भुरीबाईचा फ्रीज

आधीच सांगतो, मी मेकॅनिक माणूस. भूत-बित, बाहेरचं-बिहेरचं यावर माझा कधी काडीचा विश्वास नव्हता. आमच्या गावी, कोरीटला, गल्लीत कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचो. आजही कुणाला पटवायचं म्हणून लिहीत नाहीये... जे डोळ्यांनी पाहिलं, हाताने चाचपलं, तेवढंच सांगतो.

तोरणमाळच्या पुढे, जीप थांबते तिथून बरंच चालल्यावर एका पाड्यावर एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या. वीज नाही. लसी आणि सापाच्या विषावरचं औषध ठेवायला तिथे गॅसवर चालणारा फ्रीज होता. याला कॉम्प्रेसर नसतो. खाली बर्नरची बारीक ज्योत असते, तिच्या उष्णतेने मागच्या नळ्यांतला अमोनिया फिरतो आणि आत गारवा होतो. ज्योत विझली की खेळ खलास. त्याची देखभाल माझ्याकडे होती.

मी खाली राहायचो, रोजची राखण करायची ती भुरीबाई. पाड्यावरचीच बाई, दवाखान्यात मदतनीस. ज्योत दिसावी म्हणून ती बर्नरखाली आरसा धरायची. निळीची पिवळी दिसली की खाली निरोप धाडायची.

त्या पावसाळ्यात दरड कोसळली, रस्ता बंद झाला. दवाखान्याच्या नर्स, आमच्या सिस्टर, बैठकीसाठी शहाद्याला गेलेल्या, त्या खालीच अडकल्या. आणि नेमका तेव्हाच मक्यात निंदताना भुरीबाईला नाग चावला.

पुढचं मला तिच्या नवऱ्याने, गिंबाबाबांनी सांगितलं. लोकांनी तिला झोळीतून दवाखान्यात आणलं. फ्रीज उघडला. कुठली बाटली ते भुरीबाईने बोटाने दाखवलं. पण सुई टोचणार कोण? ती फ्रीजसमोरच गेली... औषध हाताच्या अंतरावर असताना. लोकांनी फ्रीजचं दार लावलं, दवाखान्याला कुलूप घातलं.

रस्ता मोकळा झाल्यावर सिस्टर आणि मी वर गेलो. राखणीविना ज्योत कधीच विझली असणार, म्हणून काम सरळ होतं. जुना माल टाकायचा, फ्रीज धुवायचा, धुराडं साफ करायचं, गॅसची नवी टाकी लावून सुरू करायचा. पाड्यावर पोचलो तर गिंबाबाबा किल्ली घेऊन पायरीवरच बसलेले.

दुपारचं कडक ऊन. पत्रा तापलेला, आत भट्टी. मी आधी टाकी हलवली. एका हाताने उचलली गेली.

"सिस्टर, गॅस तं कधीना संपेल शे," मी म्हणालो.

बर्नरपाशी वाकलो. गॅस सोडणाऱ्या जेटच्या तोंडावर कोळ्याचं जाळं, त्यावर धूळ. मागची नळी गार. म्हणजे कित्येक दिवसांत ज्योत पेटलेली नव्हती. आतून सडका वास येणार म्हणून मी नाकाला रुमाल बांधला आणि दार ओढलं.

थंड वाफ तोंडावर आली.

वरच्या कप्प्यात बोटभर जाडीचा बर्फ, पांढराशुभ्र. थर्मामीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात. मी रुमाल सोडून बर्फाला बोट लावलं, बोट चिकटलं! सिस्टरांनी लसीच्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. लस तापली की लेबलवरचा छोटा चौकोन काळा पडत जातो. सगळे चौकोन पांढरेच.

"दादा, हाई कसं काय?"

सिस्टरांनी विचारलं, तसा मी पुन्हा वाकून बर्नर पाहिला; विझलेलाच. तेवढ्यात बाहेर कालवा झाला. चार माणसं झोळी घेऊन धावत आली. आत सुनकी नावाची तरुण पोरगी, गवत कापताना साप चावलेला. पापण्या मिटायला लागलेल्या, जीभ जड झालेली. जीपपर्यंत नेईपर्यंत ती टिकेल असं वाटत नव्हतं.

सिस्टरांनी विषावरची औषधं बाहेर काढली आणि थांबल्या.

"दादा, गॅस तं संपेल शे. देवू का नको?"

गॅस संपला की माल फेका, हे मीच सगळीकडे सांगत फिरायचो. पण बर्फाचा गारवा अजून बोटावर होता.

"बर्फ तं शे ना, सिस्टर. द्या."

त्यांनी सलाईन लावलं, औषध सोडलं. मग बाटली उंच धरून, झोळीसोबत त्या उतारावर जवळजवळ पळतच गेल्या.

दवाखान्यात मी आणि गिंबाबाबा, दोघंच उरलो. औषधं काढल्यावर सिस्टरांनी सवयीने दार लावलं होतं. मी कामाला लागायचं म्हणून ते पुन्हा उघडलं... आणि मागे सरलो.

भपकन कुबट वास आला. बर्फाचा कण नाही. तळाशी पाणी, तेही कोमट. काटा पार वर. आणि दाराच्या रबरावर गोल फिरून काळी बुरशी. अशी बुरशी धरायला दिवसच्या दिवस लागतात. मघाशी त्याच रबरावर माझा हात होता, ते स्वच्छ होतं.

पाणी कडेवरून ओघळून जमिनीवर आलं. गिंबाबाबा उठले, जवळ येऊन उकिडवे बसले. त्या पाण्यावर त्यांनी तळवा टेकवला.

मग मोडक्या मराठीत एवढंच म्हणाले, "आता गेली."

मी रबर सोड्याच्या पाण्याने घासलं, जाळं काढलं, धुराड्यातली काजळी ब्रशने पाडली, नवी टाकी लावली. ज्योत निळी लागली. दुसऱ्या दिवशी फ्रीज नेहमीसारखा गार झाला होता, बिघाड काहीच नव्हता.

सुनकी वाचली. औषधाने पूर्ण काम केलं, खालचे डॉक्टर म्हणाले. मी माझ्या धंद्यातल्या जुन्या माणसांना विचारलं. कुणी म्हणालं थर्मामीटर अडकला असेल, कुणी म्हणालं इन्सुलेशन चांगलं असेल. मी वाद घालत नाही. अमोनिया ज्योतीशिवाय फिरत नाही, हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक आहे.

एक राहिलं. मी निघालो तेव्हा गिंबाबाबांनी मला पायरीवर अडवलं. "तिला तेव्हा कुणी औषध दिलं असतं, तर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरून उभा राहिलो.