खाली घसरलेली रेघ

वाशिमच्या पाणीपुरवठा ऑफिसात मला लागून तीनच महिने झाले होते. नोकरी कंत्राटी. गावोगावी नळाची पाइपलाइन टाकणं चालू होतं आणि त्या कामाचे अहवाल सॉफ्टवेअरमध्ये बनवायचे, एवढंच माझं काम. मेडशीहून सकाळच्या एसटीनं मी ये-जा करायची.

त्या दिवशी दुपारी आढावा बैठक होती. साहेबांना कॉम्बो चार्ट हवा होता, म्हणजे एकाच आलेखात खांब आणि रेघ. खांब टाकलेल्या पाइपचे, रेघ शंभरातल्या किती घरांत पाणी पोचतं त्याची. पहिल्यांदा रेघ तळाशीच चिकटून बसली. पाइपचे मीटर हजारांत, घरांचे टक्के शंभरच्या आत, मग दुसरं काय होणार? मी रेघेला उजव्या बाजूला वेगळा अक्ष दिला. ती वर उठली, पण भलतंच दिसलं. खांब महिन्यागणिक वाढत होते. रेघ मात्र मध्यापर्यंत चढून तिथून सरळ खाली.

माझंच काहीतरी चुकलं असणार. महिने वरखाली झाले असतील म्हणून सगळे रकाने तीनदा तपासले. बरोबर होते. 

शेजारी बसणाऱ्या सीनियर भाऊंना दाखवलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"रेघ काढून टाक. नुसते खांब ठेव."

"पण आकडे तर..."

"तुह्या आधीच्या पोरानं असंच दाखवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याले बोलावलंच नाही. कायले आफत ओढून घेऊन राह्यली?"

मी रेघ काढली. चार्ट छान दिसायला लागला, पण मला बसवेना. उठून व्हरांड्यात गेले आणि पाइपलाइनच्या टोकाला असलेल्या गावच्या पाणी सोडणाऱ्या काकांना फोन लावला.

"नळ आहे ताई, पाणी नाही," ते म्हणाले. "वरच्या गावाची लाइन जोडली तवापासून इथपर्यंत येतच नाही. आजवर कोणी इचारलंच नाही आमाले."

परत येऊन मी रेघ लावली. भाऊ हळूच म्हणाले, "मी काही पाह्यलं नाही बरं."

बैठकीत पडद्यावर चार्ट आला. साहेबांनी चष्मा वर केला. "ही रेघ खाली का?"

मी कसंबसं सांगितलं, "सर, टोकाच्या गावात पाणी पोचत नाही. मी फोन करून विचारलं."

"कोणाला विचारून फोन केला?"

"कोणालाच नाही, सर."

 साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढचा दाखवा."

झालं, इतकंच. रागावले नाहीत की शाबासकीही दिली नाही. पुढचा आठवडाभर टेबलावरचा फोन वाजला की वाटायचं, आता 'उद्यापासून येऊ नका' सांगणार. घरी डबा तसाच परत जायचा. आई विचारायची, "काहून जेवत नाही?" मी काहीही सांगायची.

मग एक दिवस भाऊंनीच सांगितलं की इंजिनियर त्या गावात जाऊन आले, वेगळी लाइन टाकायचं ठरलं. महिन्याअखेरीस कंत्राटाच्या मुदतवाढीचं पत्र आलं. त्यात माझं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.